बोरजाईवाडीच्या सत्तेचाळीस चुली

"इचारलं की उत्तर मिळतं, बसलं की खरं मिळतं."

हे वाक्य धोंडिराम तोरण्याच्या गालात सुपारीसारखं असायचं. सावकाश चघळायचा, आणि समोरचा घाईत दिसला की हमखास बाहेर काढायचा. ग्रामसेवकाला ऐकवायचा, खताच्या दुकानदाराला ऐकवायचा, मोटारीची काच अर्धी खाली करून गावात पाणी किती फुटांवर लागतं असं विचारणाऱ्यांनाही ऐकवायचा. ऐकणारा मान डोलवायचा आणि लगेच पुढचा प्रश्न विचारायचा. मग धोंडिराम आभाळाकडं बघायचा.

बोरजाईवाडी ही माणदेशातली साठ उंबऱ्यांची वाडी. धोंडिरामानं तिथल्या ग्रामपंचायतीत एकतीस वर्षं शिपाई म्हणून काढली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी खाकी शर्ट काही अंगावरून उतरला नव्हता. नवा शिपाई अंगानं भरलेला, चटपटीत होता, पण कागद घेऊन कुणी परका गावात आला की सरपंच अजून म्हणायचे, "धोंडिरामतात्याला बोलवा." कारण कुठल्या घरात कुठल्या दारानं शिरायचं, हे त्यालाच ठाऊक. कुंपणातल्या बाभळीच्या मेढीसारखा उंच आणि वाळका माणूस. चालायचा असा, की मागून येणाऱ्या शेरड्याही कंटाळून त्याच्या पुढं निघून जायच्या.

अंकिता त्याच्या मागून चालायची आणि तिचा जीव मेटाकुटीला यायचा.

ती तासगावकडची, द्राक्षाच्या मुलखातली. कराडच्या कॉलेजात समाजशास्त्राच्या एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. माणूस बदलतो तसा समाज बदलतो की समाज बदलतो तसा माणूस, या प्रश्नावर तिला एका गावाचा अभ्यास करून प्रबंध लिहायचा होता. तीस एप्रिलला तो कॉलेजात पोचायला हवा होता. मागच्या वर्षी ऐन परीक्षेत ती टायफॉइडनं पडली आणि वर्ष गेलं. यंदाचंही गेलं, तर घरी तिला कुणी बोललं नसतं. पण ते न बोलणंच तिला सोसवलं नसतं. तिच्या पिशवीत साठ प्रश्नावल्या होत्या, प्रत्येकीत बेचाळीस प्रश्न. शिमगा झाल्यावर आठवड्यानं ती आली, दहिवडीत आत्याकडं उतरली आणि रोज सकाळी वडापच्या जीपमध्ये कोंबून घेऊन वाडीला येऊ लागली.

पहिल्याच दिवशी धोंडिरामानं विचारलं, "किती घरं करायची म्हंतीस?"

"रोज सहा, तात्या. दहा दिवसांत साठ."

"घरं करायची म्हंजे? सारवायची हाईत का काय?"

"प्रश्न विचारायचे. एका घराला अर्धा तास."

"अर्ध्या तासात तर चा बी उकळत न्हाई आमच्यात," धोंडिराम म्हणाला आणि वर आपलं ते वाक्य जोडून दिलं.

पहिल्या घरात तो घोंगड्यावर मांडी घालून असा बसला, की आता पावसाळ्यापर्यंत उठायचा नाही. त्यानं शेळीच्या नव्या करडाची चौकशी केली. म्हाताऱ्याच्या गुडघ्याची केली. कुणाच्या तरी सोयरिकीचं काय झालं, ते विचारलं. चहा आला, तो बशीत ओतून, फुंकून प्याला. अंकिता पेन उघडायची, झाकण लावायची, पुन्हा उघडायची. दीड तासानं तिची गाडी चौथ्या प्रश्नावर होती. तेवढ्यात म्हातारा सहज बोलून गेला, की त्याचे दोन पोरगे वर्ष झालं एकमेकांशी बोलत नाहीत, पण जेवतात एकाच ताटात. कारण त्यांची आई तसंच वाढायची, आणि ती गेल्यावर कुणी ताट बदललं नाही.

अंकितानं सातवा प्रश्न काढला. कुटुंबातील भावांचे परस्परसंबंध: चांगले, मध्यम, ताणलेले, तुटलेले. एका ताटात जेवणारे अबोल भाऊ कुठल्याच खान्यात बसेनात. तिनं 'इतर'वर खूण केली आणि घड्याळ बघितलं.

तीन दिवसांत सात घरं झाली. अठरा व्हायला हवी होती. चौथ्या दिवशी हरणाबाईचं घर धरू, असं धोंडिराम म्हणाला. "तितं दिस मोडावा लागंल," असंही वर म्हणाला. अंकितानं बोटांवर उरलेले दिवस पुन्हा मोजले.

पण चौथ्या दिवशी धोंडिरामच नव्हता. खटावला त्याचा मेहुणा वारला होता. जाताना त्यानं बायकोजवळ, बायडाबाईजवळ, निरोप ठेवला होता: पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर येतो, तोवर पोरीला म्हणावं, दम धर.

अंकिताला वाईट वाटलं, हे खरं. बरं वाटलं, हेही तितकंच खरं. दम धरायला तिच्याकडं दिवस नव्हते. ती एकटीच निघाली आणि चार दिवसांत त्रेपन्न घरं आटपून मोकळी झाली. उंबऱ्याशी उभी राहायची, गळ्यातलं कॉलेजचं ओळखपत्र पुढं करायची, प्रश्न वाचायची, खूण करायची, शेवटी संमतीची सही किंवा अंगठा घ्यायची. लोकही आधीच तयार असल्यासारखे भेटायचे. कुणी आडवळणाला जाईना, कुणी शेळीचं नाव काढीना.

"कुटुंब एकत्र की विभक्त?"

"इभक्त. तीन चुली हाईत बाई आमच्यात."

"फ्रिज?"

"कुठला आलाय फ्रिज आमाला?"

एका घरात कोपऱ्यात माणसाएवढं काहीतरी गोधडी पांघरून उभं होतं आणि बारीक आवाजात गुरगुरत होतं. घरच्या बाईनं अंकिताला पाण्याचा तांब्या दिला. पाणी दातांना कळ लावणारं गार होतं. ती घटाघटा प्याली, बरं वाटलं, आणि 'फ्रिज: नाही' असं तिनं लिहिलं.

हरणाबाईच्या घराला वीस मिनिटं लागली. हरणाबाई सत्तरीची, दोन मुलांची आई. थोरला धनाजी घरी मेंढरं आणि रान बघायचा. धाकटा मुंबईत माथाडी, त्याची बायको संयोगिता इथंच सासूजवळ. तिघांनी तीन चुली सांगितल्या: एक हरणाबाईची, एक धनाजीची, एक संयोगिताची. तिसऱ्या चुलीसाठी अंकितानं प्रश्नावलीला एक वेगळं पान जोडलं, आणि धाकटा घरी नसल्यानं त्यावर कुटुंबप्रमुख म्हणून संयोगिताचं नाव पडलं. तिनं सही केली आणि कागदाचा मोबाईलवर फोटो काढून घेतला. "आसूं दे जवळ," म्हणाली.

कराडला जाऊन अंकितानं बेरीज मांडली. साठ उंबरे, एकशे बारा चुली. मार्गदर्शक असलेल्या चारुशीला मॅडमनी आकडे बघून चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "अंकिता, हे फार महत्त्वाचं आहे. बाहेर पैसा कमावणारी व्यक्ती उभी राहिली आणि एकत्र कुटुंब कोसळलं. इतक्या आतल्या वाडीत. हाच तुझा निष्कर्ष." त्या रात्री अंकिताला कित्येक दिवसांनी शांत झोप लागली.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, पंधरा एप्रिलला, ती पेढे घेऊन धोंडिरामाकडं आली. दारावर निळ्या पताका फडफडत होत्या. धोंडिराम मिरवणुकीचे हार सोडवत बसला होता. आभार मानावेत, एखादा फोटो काढावा आणि दुपारच्या जीपनं परत जावं, एवढंच तिच्या मनात होतं. कौतुकानं तिनं आकड्यांचा तक्ता त्याच्यापुढं धरला. धोंडिराम सातवीपर्यंत शिकलेला. त्यानं बोट ठेवत ठेवत सगळा तक्ता वाचला आणि बोट शेवटच्या आकड्यावर तसंच राहू दिलं.

"ही एकशे बारा काय म्हंतीस?"

"चुली, तात्या."

"कुठल्या गावच्या?"

"तुमच्याच की."

"पोरी, एकतीस वरसं ह्या गावची घरपट्टी घरोघर पोचवलीया म्या. हितं पासष्टाच्या वर चूल न्हाई. सत्तेचाळीस चुली वर काढल्यास तू. त्यावर भाकरी कोण थापतं?"

अंकिता हसली. म्हातारा मस्करी करतोय, असं तिला वाटलं. धोंडिराम हसला नाही. त्यानं प्रश्नावल्यांचा गठ्ठा मागितला. पहिली सात घरं बाजूला काढली. सात घरांत आठ चुली. "ही बरूबर हाईत," म्हणाला. मग पुढची एकेक उलटायला लागला, आणि उलटता उलटता त्याच्या कपाळावरची शीर उभी राहिली. "ह्यो एकत्र हाय. ह्यो बी. ह्येंचा तर बैल बी सामायिक हाय." पन्नासाव्या कागदाशी त्याचा हात थांबला. घर: तोरणे. चुली: दोन. मुलगा राजरत्न, विभक्त. खाली बायडाबाईची सही.

"बायडे," त्यानं आत हाक मारली. आवाज चढलेला नव्हता. "राजरत्न आपल्यातनं येगळा कवा झाला?"

बायडाबाई पिठाच्या हातानंच बाहेर आली. कागद बघितला आणि जराही गडबडली नाही.

"आवं, समद्या गावानं दोन दोन, तीन तीन लिवल्या. मी एकटीनंच एक लिवू? उद्या घरकुलाची यादी लागली म्हंजे तुमीच म्हनला असता, बायडे, तू काय झोपली व्हतीस?"

"ही यादी न्हाई. ही पोरीची परीक्षा हाय."

"गळ्यात पट्टा व्हता, हातात कागद व्हता, खाली सही घेतली. मग यादी आनि काय निराळी आसती?"

आता अंकिताला सगळं लख्ख दिसायला लागलं, आणि दिसू नये असं वाटायला लागलं. बायडाबाईनं सांगितलं, मागं एकदा गावात घरकुलासाठी असंच कुणीतरी नावं लिहून नेली होती. ज्यांनी सरळ सांगितलं, एकत्र राहतो, त्यांची यादीतून एकदम नावं गळाली. तेव्हापासून वाडी शहाणी झाली होती. परका माणूस उभ्या उभ्या विचारायला लागला, की वाडी उभ्या उभ्याच वेगळी व्हायची. तो गेला, की पुन्हा एका चुलीपाशी जेवायला बसायची. ते सात घरांत झालं नव्हतं, कारण तिथं तिच्याबरोबर धोंडिराम मांडी घालून बसला होता. त्याच्यापुढं खोटं बोलायचं, तर रोज तोंड दाखवायची पंचाईत.

तिनं अंगणातूनच मॅडमना फोन लावला. मॅडमनी ऐकून घेतलं.

"अंकिता, लोक काय सांगतात ते आपण नोंदवतो. त्यांच्या स्वयंपाकघरात शिरून भांडी मोजत नाही. आणि पंधरा दिवसांवर तारीख आहे. आहे ते लिही."

"पण मॅडम, खोटं आहे ते."

"मग काय करणार आहेस?"

काय करणार, ते तिला माहीत नव्हतं. फोन ठेवून ती पायरीवर बसली. तिला गावाचा राग आला, मॅडमचा आला, गोधडीखाली गुरगुरणाऱ्या त्या फ्रिजचा आला, आणि सगळ्यांत जास्त धोंडिरामाचा आला. हा माणूस खटावहून आठवडाभर आधी येता तर काय बिघडलं असतं? पेढ्यांच्या पुड्यावर मुंग्या चढत होत्या. तिनं तो उचलला नाही.

"पंधरा दिस ऱ्हायलं म्हंतीस," धोंडिराम म्हणाला. "बसून करायची, तर रोज एक घर हुईल. चल, हरणाबाईपासनं लागू."

हरणाबाईच्या सोप्यात धोंडिरामाची जागा ठरलेली, उंबऱ्याच्या आत, खांबाला टेकून. त्याच्या बापाची उंबऱ्याच्या बाहेर होती. त्या दोन हातांच्या अंतराला दोन पिढ्या लागल्या होत्या, आणि त्याबद्दल त्या घरात कधी कुणी काही बोललं नव्हतं. आज मात्र तो आत येऊन उभाच राहिला. सोप्याच्या दुसऱ्या टोकाला नवा पत्रा आडवा लावला होता. पत्र्यापलीकडं कडाप्प्यावर दोन बर्नरची नवीकोरी शेगडी होती आणि संयोगिता तिच्यावर भात शिजवत होती. अलीकडं जुन्या चुलीपाशी हरणाबाई भाकरी भाजत होती.

"ह्ये काय, आक्का?" धोंडिरामानं विचारलं.

हरणाबाईनं भाकरी उलटली. "तुज्या पावणीला इचार. आठ दिस झालं."

संयोगितानं पत्र्याआडून मान काढली. तिच्या तोंडावर ना लाज होती ना भांडण. "मी काय मनानं केलं न्हाई, तात्या. कागदावर तिघांनीबी लिवून दिलं येगळं म्हनून. माझ्याकडं फोटू हाय. मग लिवलंय तसं ऱ्हावं, म्हटलं."

"आगं, ते यादीसाठी लिवलं व्हतं," हरणाबाई म्हणाली.

"मला काय म्हाईत कशासाठी लिवलं व्हतं? सही माझी हाय."

धनाजी दारात उभा होता. मेंढरांना हाकायची काठी उगीच या हातातून त्या हातात घेत राहिला. अंकितानं पिशवीतून ते तिसऱ्या चुलीचं पान काढलं. "वहिनी, माझी चूक झाली. हा कागद काही कामाचा नाही. मी फाडून टाकते."

"फाडू नका."

संयोगितानं गॅस बारीक केला आणि पदराला हात पुसत पुढं आली. "धा वरसं झाली लगीन होऊन. रेशनकार्डावर मी खालनं दुसरी. मतदार यादीत कुनाची तरी बायको. तुमच्या कागदावर पैल्यांदा माझं नाव वरच्या वळीत आलं. ते बघून त्या दिवशी मला जेवान गेलं न्हाई. खुशीनं म्हना, नाय तर भ्यानं म्हना. फाडू नका."

हरणाबाई चुलीतल्या जाळाकडं बघत होती. तिकडं बघतच म्हणाली, "मला म्हनली आसतीस तर मीच मांडून दिली आसती की गं. कागदाला कशाला इचारलंस?"

संयोगितानं वळून भातावरचं झाकण सारलं. भात रटरटत होता.

धोंडिराम खाली बसला, पण मांडी घालून नव्हे; उकिडवा बसला, निघायच्या तयारीत असल्यासारखा. "घ्या," तो अंकिताला म्हणाला, "तुमचा कागद खरा झाला. शिमग्यात खोटा व्हता, आता खरा हाय. एक झाली. ऱ्हायल्या शेचाळीस. घाई करू नगा, त्याबी मांडत्याल." तो तिला कधीच अहोजाहो करत नसे, आज केलं, आणि तेच तिला चपराकीसारखं लागलं.

ती रडली नाही. तिनं ते पान उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागली: शिमग्यानंतर या घरात एक चूल होती. मी विचारलं म्हणून यांनी तीन सांगितल्या. मी लिहिल्या म्हणून आता दोन आहेत. संयोगिताचं बोलणं तिनं तिच्याच शब्दांत उतरवलं, हरणाबाईचंही उतरवलं. धनाजीला विचारलं. तो म्हणाला, "मला दोन्हीकडनं बोलावत्यात जेवाय. मी रानातच खातो." तेही लिहिलं. तास गेला, दीड तास गेला. घड्याळ तिनं एकदाही बघितलं नाही.

मग तिथंच बसून तिनं फोन लावला. "मॅडम, माझ्याकडं साठ घरं नाहीत. आठ आहेत."

"आठ घरांवर निष्कर्ष काढता येत नाही, अंकिता."

"नाही काढणार. आठ घरांचं लिहीन. आणि बाकीच्या बावन्नांचं काय झालं, ते लिहीन."

"मार्क जातील."

"जातील."

"तारीख विसरू नकोस," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

एवढ्यात हरणाबाईनं धोंडिरामापुढं चहाचा कप ठेवला. तो उचलणार, तोच पत्र्याआडून संयोगिता दुसरा कप घेऊन आली आणि पहिल्याशेजारी ठेवून गेली. दोन चुलींचे दोन चहा. या मुलखात पुढ्यात आलेला चहा परतवायची रीत नाही, आणि अगोदर कुठला उचलायचा, याची रीत अजून बसलेली नव्हती. दोघी दोन बाजूंनी त्याच्या हाताकडं बघत होत्या. धोंडिरामानं एकदा या कपाकडं बघितलं, एकदा त्या कपाकडं. एका गावात एकतीस वर्षं त्यानं नोटिसा वाटल्या, भांडणं बघितली, पाणी सोडलं. असा पेच कधी पडला नव्हता. शेवटी त्यानं दोन्ही हातांत दोन कप घेतले, एकाचा घोट, लगेच दुसऱ्याचा घोट, असं करत, तोंड भाजत दोन्ही संपवले आणि जमिनीवर एकदमच ठेवले.

"असं घरोघर व्हाय लागलं, तर मी मरतो आता चा पिऊन," तो म्हणाला आणि उठला.

"तात्या, उद्या येऊ ना मी?" अंकितानं विचारलं. "घरं नाही करायची आता. नुसतीच येईन."

"ये की. रस्ता काय माझ्या बापाचा हाय?" टोपी झटकत तो उंबरा ओलांडून गेला.

पायरी उतरल्यावर वहाणा घालण्याइतकाही त्यानं दम धरला नाही. हातातच घेतल्या आणि तापलेल्या फुफाट्यातून अनवाणी चालायला लागला. नेहमीपेक्षा भरभर, जवळजवळ तरातराच. त्यानंच गावात फिरवलेल्या पोरीच्या कागदानं, तो ज्या खांबाला टेकायचा त्या सोप्यात पत्रा उभा केला होता. वाटेत कुणीतरी ओट्यावरून "या बसा की, तात्या" म्हटलं, तर त्यानं नुसता वहाणांचा हात वर केला आणि तो थांबला नाही. सोप्यातून हरणाबाई बघत होती, पत्र्याच्या कडेनं संयोगिता बघत होती, आणि दोघींच्या मधोमध, मांडीवर कागद ठेवून अंकिता. देवळाशी रस्ता वळतो तिथं तो दिसेनासा झाला. त्यानंतरही तिघी काही वेळ तिकडंच बघत राहिल्या, आणि कुणी कुणाला काही विचारलं नाही.